भिंतीतले शहाण्णव वॅट

दि. ९ नोव्हेंबर

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालतो. पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच केराच्या टोपलीत टाकलं असतंस, म्हणून पत्ता शेजारच्या टायपिंगवाल्याकडून टाइप करून घेतला. तो गडी विचारतो कसा, "कोर्टात पाठवताय का?" म्हटलं, त्याहून कडक ठिकाणी. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. तीन वर्षांनी लिहितोय, चार ओळींत आटपणार नाही.

दुकान चालू आहे. गुडघे कुरकुरतात, शिडी चढायच्या आधी उतरायचं कसं ते ठरवावं लागतं. तुझी वहिनी बरी आहे. तुझा विषय निघाला की ताटं आपटते. राग माझ्यावरचा, मार खातात बिचारी ताटं.

परवा मावशी येऊन गेली. तुझ्याकडच्या बातम्या मला तिच्याकडूनच कळतात, आणि त्यातल्या निम्म्या उलट्या असतात. पण एक गोष्ट तिने दोनदा सांगितली. तुझ्या न्हाणीघरातल्या गिझरला हल्ली पाणी तापवायला पूर्वीपेक्षा उशीर लागतो आणि तू त्यातला रॉड बदलणार आहेस म्हणे.

रॉड बदलू नकोस. आधी हिशेब कर. आप्पा म्हणायचे ना, रॉड चांगला की वाईट ते रॉडला विचारायचं, दुकानदाराला नाही. जेवणं झाली की टेबल पुसून आपल्या दोघांना पाटी द्यायचे. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, म्हणजे तार विजेला किती अडवते ते. व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट, म्हणजे ती किती तापते ते. तुझं उत्तर माझ्याआधी तयार असायचं आणि मग तू जीभ बाहेर काढून माझ्याकडे बघायचीस. मोठी आगाऊ होतीस.

गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २८८० वॅट असं आहे. मला पाठ आहे, मीच बसवलाय तो. म्हणजे त्याने साडेबारा अँपिअर घ्यायला हवेत आणि रॉडचा रोध अठरा ओहम आणि वर थोडा भरायला हवा. तेवढा भरला तर रॉड ठणठणीत. टेस्टररावांच्या पेटीत दोन्ही मीटर असतील. चिमट्याचा मीटर मेन बोर्डात त्या लाइनच्या एकाच वायरीला लाव, आप्पा लावायला द्यायचे तसा. आणि मीटर हातात आहेच तर गिझर चालू असताना मेन बोर्डावरचे व्होल्टही बघ आणि त्याच लाइनवरच्या, गिझरशेजारच्या छोट्या सॉकेटवरचेही. सहज. विशेष काही नाही. पण दोन्ही आकडे कळव. जरा लवकर कळव.

टेस्टररावांना यासाठी त्रास देऊ नकोस. तुझे यजमान असले तरी माझ्या तोंडात अजून तेच नाव बसलंय. बारा वर्षं आम्ही दोघांनी मिळून कामं घेतली, आणि बंद केलेली वायरसुद्धा खिशातला टेस्टर दोनदा लावल्याशिवाय हातात न घेणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. मावशी म्हणते, आता ते गोदामात वजनकाट्यावर असतात आणि घरातला दिवा गेला तर तोही शेजाऱ्याला बदलायला सांगतात. त्या विषयावर मी काही लिहीत नाही. झालं ते झालं.

भाचीला पापा. सात वर्षांची झाली असेल. मामा म्हणून कोणी आहे हे तिला माहीत आहे की नाही, कोण जाणे.

तुझा,
दादा


दि. ३० नोव्हेंबर

चि. सौ. चिमीस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. धन्य आहेस! ना दादा, ना नमस्कार, ना सही. "मेन २३०. सॉकेट २२०. अँपिअर १२." अगं, मीटर वाचायला येणाऱ्या माणसालासुद्धा लोक पाणी विचारतात. तरी कार्ड मी दुकानातल्या काचेखाली ठेवलंय. अक्षर अजून तसंच आहे, दोनाची शेपटी उडून गेल्यासारखी.

आता हिशेब बघ. दोनशे वीसला बाराने भागलं की अठरा आणि वर थोडं. म्हणजे रॉड ठणठणीत, त्याला हात लावायचा नाही. दोनशे वीस गुणिले बारा, सव्वीसशे चाळीस वॅट. पाटीपेक्षा दोनशे चाळीस कमी, म्हणून पाण्याला उशीर. रॉडचा दोष नाही, त्याच्यापर्यंत पोचतंच कमी.

तू हुशार, पुढचं मी न लिहिताच करशील, म्हणून मीच लिहितो. बोर्डावरून दोनशे तीस निघाले, गिझरपाशी दोनशे वीस पोचले. दहा व्होल्ट वाटेत गेले. त्यातले दोन वायरीचे, तेवढे कुठल्याही घरात जातात. राहिले आठ. आठला बाराने भाग. साधारण दोन तृतीयांश ओहम. काहीच नाही म्हणशील. पण आठ गुणिले बारा कर. शहाण्णव वॅट. शंभराचा दिवा लावला की काचेला बोट टेकवत नाही, तेवढी उष्णता.

कुठेतरी स्क्रू ढिला असेल. मेन बंद करून बोर्डातला आणि गिझरकडचा, दोन्ही स्क्रू आवळून घे. वाटेत दुसरीकडे कुठे शोधायची गरज नाही. त्या लाइनला मध्ये जोड नाही, बोर्डापासून गिझरपर्यंत अखंड वायर आहे. मी स्वतः ओढली आहे, तेव्हा मला ठाऊक.

आणि तोवर गिझर जरा कमीच लाव. गार पाण्याने आंघोळ तब्येतीला चांगली असते, असं परवाच पेपरात वाचलं. हसू नकोस. डॉक्टरने लिहिलं होतं.

काल कामानिमित्त त्या शिलाई कारखान्यावरून जावं लागलं. एरवी मी वळसा घालून जातो. नवीन मालकाने दर्शनी भिंत रंगवून घेतली आहे, खालच्या मजल्यावर बॅगा शिवतात. वरच्या मजल्याच्या खिडक्या मात्र विटांनी बुजवल्या आहेत. इस्त्रीची टेबलं तिथे होती. त्या इस्त्रीवाल्याला टेस्टररावांची नक्कल छान यायची. त्यांच्यासारखी मान वाकडी करून भिंतीला टेस्टर लावल्याचा आव आणायचा, आणि आम्ही दोघं शिडीवर हसून हसून लटपटायचो. भला माणूस. आग लागली ती दिवसाढवळ्या, एवढ्या माणसांत, तरी तो एकटाच जिन्यापर्यंत पोचला नाही.

तुला माझा राग का आहे हे मला कळतं. चौकशीत मला विचारलं, इस्त्रीच्या लाइनचा जोड कोणाच्या हातचा, आणि मी टेस्टररावांचं नाव सांगितलं. त्यांचा परवाना गेला. तू म्हणालीस, "ते असलं काम मरेपर्यंत करणार नाहीत." बायको म्हणून तू तसं म्हणणारच. पण कामाच्या धबडग्यात कोणाच्याही हातून काहीही होऊ शकतं. माझ्याही हातून होऊ शकतं. मी काही देव नाही.

हे मी कशाला लिहीत बसलो? स्क्रू आवळ. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच तीन आकडे घे आणि पाठव. दादा नाही लिहिलंस तरी चालेल, पण आकडे पाठव. माझा जीव टांगणीला लागलाय उगाच, वय झालं दुसरं काय.

तुझा,
दादा


दि. २१ डिसेंबर, सकाळी सात

चिमे,

आधी हे कर, पत्र नंतर वाच. मेन बंद कर. पोरीचा पलंग त्या भिंतीपासून ओढून दुसऱ्या खोलीत ने. टेस्टररावांनी बघेपर्यंत घरातलं एक बटणसुद्धा लावू नकोस. गिझर तर नाहीच नाही.

केलंस? आता बस आणि वाच.

तुझं पत्र काल दुपारी आलं. मेन २३०, सॉकेट २१२, अँपिअर साडेअकरा. दोनशे बाराला साडेअकराने भागलं. अठरा आणि वर थोडं. रॉड आहे तसाच आहे. मग अठरा व्होल्ट वाटेत गेले. वायरीचे दोन सोडले तर सोळा. सोळा भागिले साडेअकरा, सुमारे एक पूर्णांक चार ओहम. तीन आठवड्यांत दुपटीवर. सोळा गुणिले साडेअकरा, एकशे चौऱ्याऐंशी वॅट. दोन शंभरांचे दिवे जवळजवळ, अंगठ्याएवढ्या जागेत, प्लास्टरच्या आत.

हे मी दुकानात उभ्या उभ्या केलं. गिऱ्हाईक समोर होतं. मग मी खालच्या दोन ओळी वाचल्या. स्क्रू दोन्ही घट्टच होते, असं तू लिहिलंस. आणि थंडी पडली म्हणून पोरीचा पलंग न्हाणीघरालगतच्या भिंतीला लावलाय, ती भिंत उबदार असते, पोर पाठ टेकून झोपते आणि म्हणते, "आई, भिंतीला ताप आलाय." तू हे गंमत म्हणून लिहिलंस. तीन वर्षांत पहिल्यांदा तू मला काहीतरी गंमत लिहिलीस. मी गिऱ्हाइकाला तसंच ठेवून मागच्या खोलीत गेलो.

मागच्या पत्रात मी लिहिलं, अखंड वायर आहे, मध्ये जोड नाही. खोटं होतं ते. तू विचारलंही नव्हतंस, तरी मी आपणहून खोटं लिहिलं. जोड आहे. गिझरच्या बॉक्सपासून खाली चार वीत, पोरीच्या खोलीच्या बाजूला, प्लास्टरच्या आत. बॉक्स नाही, झाकण नाही, नुसता पीळ आणि वर टेप. तो मी मारला.

तुझ्या घराचं काम आणि कारखान्याचं काम एकाच पंधरवड्यात चाललं होतं. तुझं सगळं घर टेस्टररावांनी केलं, फक्त न्हाणीघराची लाइन मी हट्टाने घेतली, बहिणीला भेट म्हणून. तांब्याची वायर दोन हात कमी पडली. पितळी कनेक्टर संपले होते. माझ्याकडे अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा होता, तो मी तांब्याला पिळला. त्याच दिवशी दुपारी कारखान्यात इस्त्रीच्या लाइनवरही त्याच वायरीचा तुकडा, तसाच पीळ. टेस्टरराव म्हणाले होते, "दादा, आजचा दिवस थांबा, उद्या सकाळी कनेक्टर आणतो, मगच भिंत बुजवू." मी म्हटलं, बरं. आणि ते खाली गेल्यावर गवंड्याला सांगितलं, बुजव. मला काम संपवायचं होतं, बाकी काही कारण नव्हतं. या दोन धातूंचं जमत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. वर्षागणिक मध्ये पापुद्रा चढतो, रोध वाढतो, जोड तापतो, आणि तापला की पापुद्रा आणखी वाढतो. कारखान्यात पाच इस्त्र्या दिवसभर चालायच्या, म्हणून तो जोड लवकर गेला. तुझा गिझर थोडाच वेळ चालतो, म्हणून एवढी वर्षं टिकला. तुझ्या भिंतीत काय आहे हे मला आग लागली त्या दिवसापासून माहीत आहे. तीन वर्षं मी स्वतःला सांगत होतो, एवढ्याशा गिझरने काय होतंय! मावशीने पाणी तापत नाही म्हटलं तेव्हाच मी ओळखलं, आणि तरी मी तुला लिहिलं काय, तर गार पाण्याने आंघोळ कर.

चौकशीच्या खोलीत निरीक्षकांनी एक लाखबंद पुडा फोडला आणि जळलेला जोड माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, ओळखता? चिमे, मी डावरा आहे. आप्पांनी छड्या मारून उजव्या हाताने लिहायला लावलं, पण पक्कड कायम डाव्या हातातच राहिली. माझा पीळ उलटा पडतो. टेस्टररावांचा सुलटा. टेबलावर माझा पीळ होता, तारा काळ्या पडल्या तरी उलटाच. इस्त्रीवाल्याची बायको बाकाच्या टोकाला बसली होती, तिच्या हातात त्याचा डबा होता, तो तिला कोणी परत दिला होता की काय ते माहीत नाही. मी म्हणालो, हा टेस्टरच्या हातचा. त्यांनी लिहून घेतलं आणि पुडा पुन्हा बंद केला. टेस्टररावांना त्यांनी तो उघडून दाखवलाच नाही, मोठ्या परवान्याचा माणूस मी, माझा शब्द पुरला. ते एवढंच म्हणाले, "माझा नाही." दोनदा म्हणाले. नंतर माझ्याकडे बघत राहिले, आणि मी चष्मा पुसत बसलो.

ज्या माणसाने तुझी भिंत एका फेरीत पकडली असती, त्याला मी भिंतीला हात लावायच्या लायकीचा ठेवला नाही. म्हणून तुझ्या घरात वायरमन असून तुझी पोर त्या भिंतीला पाठ लावून झोपते. हा हिशेब मी काल मांडला.

मी स्वतः का आलो नाही, असं तू विचारशील. निघालो होतो. काल पिशवीत छिन्नी, हातोडी, चांगली वायर भरून बस स्टँडवर गेलो, तिकीट काढलं. आणि तिथे उभा असताना मला कळलं की मी काय करणार आहे. भाचीला बघायला आलो म्हणणार, टेस्टरराव गोदामात असताना भिंत फोडणार, जोड काढून खिशात घालणार, प्लास्टर करणार, आणि जाता जाता नाल्यात टाकून देणार. तू कदाचित चहाही दिला असतास. मी तिथे येऊन खरं बोललो असतो असं मला शपथेवर सांगता येत नाही. म्हणून परत फिरलो.

घरी येता येता तार केली आहे, गिझर लावू नका म्हणून. पण खाली माझं नाव आहे. ते बघून तू तार फाडशील आणि मला दाखवायला म्हणून मुद्दाम गिझर लावशील, एवढी मी तुला ओळखतो. म्हणून हे पत्र टपालाने न पाठवता लोखंडवाल्याच्या ट्रक ड्रायव्हरकडे देतोय. तो आठला निघतो, चार वाजेपर्यंत तुमच्या गावात येतो. पोर शाळेतून आली की सहाला तू पाणी तापवायला लावतेस, हे मावशीने सांगितलं होतं. ड्रायव्हरला म्हटलं, वाटेत जेवायला थांबू नकोस. तो हसला. मी हात जोडले तेव्हा त्याचं हसू गेलं.

आता टेस्टररावांना बोलाव. त्यांना म्हणावं, परवाना असो नसो, स्वतःच्या घरात हात घालायला कोणाची परवानगी लागत नाही. मेन बंद आहे हे ते दोनदा तपासतीलच. गिझरच्या बॉक्सपासून खाली चार वीत मोजून हळू फोडायचं. जोडाच्या दोन्ही बाजूंना वीतभर वायर सोडून कापायचं. टेप हलक्या हाताने उलगडायची, पण पीळ सुटू द्यायचा नाही. मग तो तुकडा हातात धरून त्यांनी बघावा. त्यांना सांगावं लागणार नाही.

सोबत निरीक्षकांच्या नावाचं बंद पाकीट आहे. त्यात हे सगळं लिहून खाली सही केली आहे. पण नुसत्या कागदावर विसंबू नका. उद्या साहेबापुढे उभं केलं तर मी म्हणेन, बहिणीच्या मायेपोटी लिहून दिलं; मी मला आता चांगला ओळखतो. तुकडा घेऊन जा. त्यांच्या कपाटातला पुडा उघडायला लावा आणि दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवा. तेव्हा मला काही बोलायला जागा राहणार नाही, आणि तीच राहू नये म्हणून हे पत्र आहे. इस्त्रीवाल्याच्या बायकोलाही त्या खोलीत बोलवा. तिला आतापर्यंत चुकीच्या माणसाच्या नावाने तळतळाट करावा लागला.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि ते काम तुझ्यावर कशाला टाकू. तुझ्या वहिनीला आज सकाळी सांगितलं. तिने ताटं आपटली नाहीत.

ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. पाकीट टाइप केलेलं नाही या वेळी. अक्षर माझंच आहे. तू न फोडता फेकून देऊ नयेस म्हणून बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलंय, कोणीही वाचू दे: भिंतीत जोड आहे, तो टेस्टररावांचा नाही.

दोन्ही जोड ज्याने पिळले तो,
तुझा दादा